अंकुर, काड्या आणि हरीण

दादासाहेब फाळक्यांनी 1912 साली कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि रोप कसे वाढते ते पडद्यावर दाखवले, ही गोष्ट शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. महिनाभर रोज एक फ्रेम घेतली आणि मिनिटभराची फिल्म तयार झाली, असे सांगतात. मी ॲनिमेशन शिकवतो, त्यामुळे मला हे गणित पटत नाही. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण 16 फ्रेम धरत, म्हणजे मिनिटाला 960. रोज एकच फ्रेम घेतली तर महिनाअखेर दोन सेकंदही हाती लागत नाहीत. वेल मिनिटभर चढताना दिसायचा असेल तर दिवसाला तीसेक फ्रेम हव्यात. नुसते उजेडाचे तास धरले तर दर वीस-बावीस मिनिटांनी एक. फाळक्यांची चिकाटी आपण ऐकतो त्याच्या कितीतरी पट मोठी असली पाहिजे. 'अंकुराची वाढ' ही फिल्म पाहूनच यशवंतराव नाडकर्ण्यांसारख्यांनी कर्ज द्यायची तयारी दाखवली. पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही कामी आले आणि 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र' उभा राहिला. आपला पहिला कथापट असा एकेका फ्रेमच्या भरवशावर उभा आहे, आणि एकेक फ्रेम हाच तर ॲनिमेशनचा धंदा.

1915 मध्ये फाळक्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली. काड्या मांडायच्या, एक फ्रेम घ्यायची, काड्या तसूभर सरकवायच्या, पुन्हा फ्रेम. फ्रान्समध्ये एमिल कोलने 1908 साली काड्यांचा असाच खेळ केला होता. फाळक्यांच्या काड्यांच्या आदल्याच वर्षी, 1914 मध्ये, अमेरिकेत विन्सर मके या वर्तमानपत्री चित्रकाराने 'गर्टी' नावाची डायनासोर हजारो चित्रांतून चालवली होती. मके स्वतः गर्टी काढायचा, आणि जॉन फिट्झसिमन्स हा त्याचा मदतनीस प्रत्येक कागदावर मागचे डोंगर आणि तळे पुन्हा पुन्हा गिरवायचा. मके आणि फाळके मला एकाच जातीचे वाटतात. एकट्याच्या हट्टावर सगळा पसारा मांडणारे.

नागपूरजवळ कन्हानला माझ्या सुट्टीच्या वर्गात पहिला धडा काड्यांचाच असतो. कोळसा खाणीतल्या कामगारांची, नदीपलीकडे कामठीला जाऊन-येऊन शिकणारी पोरे असतात. दोन स्टुलांवर फळी, फळीला चिकटपट्टीने बांधलेला मोबाइल, खाली काळा कार्डशीट. मे महिन्याच्या उन्हाळ्यातही पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर काड्या हलतात. खिडकीही बंद, कारण ऊन सरकले की सावली सरकते आणि चित्र लुकलुकते. काडीचा गुल धरून ती तांदळाच्या दाण्याएवढी सरकवायची, हात पूर्ण बाहेर काढायचा, मग बटण. सेकंदाला 12 फोटो. सुरुवातीला सगळेच घाई करतात, काडी भरभर पुढे ढकलतात. मग चालवून बघितले की एखादी पोर ओरडते, "सर, काडी तं उडूनच रायली!" तेव्हा अंतर आणि वेळ यांचे नाते तिला जे कळते, ते मी फळ्यावर कितीही लिहिले तरी कळत नाही.

फाळक्यांच्या पुढे ही वाट रुंद मात्र झाली नाही. 'प्रभात'ने तिशीच्या दशकात 'जंबू काका' काढले, जी. के. गोखल्यांनी 1939 मध्ये 'सुपरमॅन्स मिथ' केले. गुणी माणसे होती, पण प्रत्येकाने आपापल्या परीने पहिल्यापासून सुरुवात केली. अमेरिकेत अर्ल हर्डने 1914 मध्ये पारदर्शक सेलची युक्ती शोधली. मागचे दृश्य एकदाच रंगवायचे आणि हलणारे पात्र वर ठेवायचे. फिट्झसिमन्सची ती गिरवणी त्या युक्तीने संपली, कामाची वाटणी झाली आणि स्टुडिओ उभे राहिले. आपल्याकडे कलावंत होते, पण एकाने केलेले दुसऱ्याच्या हाती सोपवायची रीत नव्हती.

ती रीत घेऊन 1956 साली क्लेअर वीक्स मुंबईला आला. मिशनरी आईबापांच्या पोटी भारतातच जन्मलेला आणि डिस्नेकडे 'बाम्बी', 'पीटर पॅन'वर काम केलेला हा ॲनिमेटर. अमेरिकेच्या तांत्रिक साहाय्य योजनेतून सरकारी फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग उभारून माणसे तयार करणे हे त्याचे काम. डिस्नेची शिस्त म्हणजे काय? मुख्य ॲनिमेटर हालचालीच्या टोकाच्या मुद्रा काढतो, मधली चित्रे दुसरा भरतो. कुठले चित्र किती फ्रेम राहणार ते तक्त्यावर लिहिलेले असते. रंग चढवण्याआधी पेन्सिलची चित्रे शूट करून चाल तपासतात. आज संगणकावरही हेच चालते. मी अजून पोरांना पेगवर, म्हणजे टेबलावरच्या खुंट्यांवर, कागद अडकवून, तीन कागद बोटांच्या सांदीत धरून फडफडवायला लावतो. मधले चित्र चुकले असेल तर बोटांनाच कळते.

1957 मध्ये त्या विभागातून 'द बनियन डीअर' बाहेर पडले. गाभण हरिणीच्या जागी स्वतः मरायला पुढे झालेल्या हरणांच्या राजाची ती जातककथा. त्यातली हरणे बाम्बीच्या कुळातली दिसतात हे खरे, पण शिकणाऱ्या हाताने गुरूचे वळण गिरवले म्हणून मला त्याचा कमीपणा वाटत नाही. पुढच्याच वर्षी जहांगीर भावनगरींनी 'राधा अँड कृष्ण'मध्ये आपल्या लघुचित्रांनाच पडद्यावर आणले. वीक्सच्या हाताखाली शिकलेल्या राम मोहन यांनी पुढे भारत-जपानच्या 'रामायण'पर्यंत मजल मारली. 2005 मध्ये व्ही. जी. सामंतांचा 'हनुमान' थिएटरात लागला, तेव्हा आपल्या पोरांनी आपला कार्टून-नायक तिकीट काढून पाहिला.

मला खरी रुखरुख आहे ती मधल्या माणसांची. मधली चित्रे भरणारे, सेल रंगवणारे, पार्श्वभूमी काढणारे. त्यांची नोंद फार थोडी सापडते. त्यांत मराठी घरांतली, जे. जे. कला महाविद्यालयातून निघालेली मंडळी होती. फिल्म्स डिव्हिजन 2022 मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) विलीन झाली, आता तो कार्टून विभाग जुन्या रूपात नाही. हा अंक वाचणाऱ्या कुणाच्या घरी आजोबांचे असे पेगची भोके पाडलेले कागद, तक्ते किंवा रंगवलेले सेल असतील, तर दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीत जाऊ देऊ नका. मागे नाव, साल आणि कुठल्या फिल्मचे तेवढे पेन्सिलने लिहून ठेवा. सेलवर मात्र पेन लावू नका, रंग उखडतो.