नेम कुणाचा?

तलवार शत्रूच्या अंगातून आरपार गेलेली डोळ्यांना दिसावी आणि तरीही तो वार लागलाच नाही असे ठरावे, याला न्याय म्हणावे की अन्याय? गेले काही महिने आमच्या घरात या प्रश्नावर वाद रंगला आहे आणि त्याला कारण झाला आहे एक जुना व्हिडिओ गेम. ज्यांची नातवंडे वा पुतणे सुटीचे दिवस संगणकापुढे घालवतात, त्या वाचकांना हा विषय अगदीच परका वाटू नये.

खेळाचे नाव ‘मॉरोविंड’. अमेरिकेतील बेथेस्डा या कंपनीने तो २००२ साली काढला. एका कल्पित बेटावर कैदी म्हणून उतरलेले पात्र आपण हाती घ्यायचे, त्याचा वंश आणि व्यवसाय ठरवायचा आणि त्या अद्‌भुत मुलखात त्याला वाढवायचे. त्याच्या प्रत्येक विद्येला गुण असतात. आपण बटण दाबले की पात्र तलवार फिरवते. पण ती लागली की नाही, याचा निवाडा खेळ आतल्या आत फासा टाकून करतो.

हा निवाडा लहरी मात्र नाही. शस्त्रविद्येचे गुण, त्यात चपळाईचा पाचवा हिस्सा आणि दैवाचा दहावा हिस्सा मिळवावा; आलेल्या बेरजेला पात्राच्या छातीत किती दम उरला आहे त्या मानाने गुणावे. शस्त्रविद्या ४०, चपळाई ४० आणि दैवही ४० असेल, तर बेरीज ५२. दम पुरता असेल तर तिची सव्वापट, म्हणजे ६५. दम संपलेला असेल तर पाऊणपट, म्हणजे ३९. शंभरातले इतके वार लागावेत, असा हा हिशेब. प्रतिपक्षाची चपळाई त्यातून वजा होते, ती वेगळीच. शस्त्र परजत, उड्या मारत, धापा टाकत जो शत्रूवर चालून जातो, त्याचे निम्म्याहून अधिक वार वाया जातात. पळायचे सोडून सावकाश चालत गेलेला मात्र ताजातवाना पोचतो.

आमच्या पुतण्याला हे मुळीच पटत नाही. तो म्हणतो, “काका, नेम मी धरला, अंतर मी साधले, मग मधे हा फासा कोण? डोळ्यांना लागलेला वार वहीत चुकलेला म्हणून लिहिणे ही शुद्ध फसवणूक आहे!” त्याच्या बाजूने इतिहासही आहे. याच मालिकेतल्या २००६ सालच्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये निर्मात्यांनी हा फासा काढून टाकला. तेथे शस्त्र टेकले की वार लागतोच. विद्येच्या गुणांवर फक्त घाव किती खोल ते ठरते. खेळणाऱ्यांनी त्याचे स्वागतच केले.

पुतण्याच्या तक्रारीत तथ्य आहे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. फाशाची ही रीत मुळात पडद्यावरची नव्हेच. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला, तो मेजाभोवती बसून खेळण्याचा. वीस पैलूंचा फासा पडे आणि नेम चुकला तर खेळ चालवणारा सांगे की, शत्रूने वार ढालीवर झेलला, किंवा तो चटकन बाजूला सरला. चुकलेल्या वारालाही तेथे कथा लाभत असे. ‘मॉरोविंड’ने फासा घेतला, पण ती कथा सांगणारा मागेच राहिला. शत्रू जागचा हलत नाही आणि तलवार हवेतून फिरल्यासारखी निघून जाते. हा दोष चित्राचा आहे. नियमाचा नव्हे, असे आमचे म्हणणे.

कारण नियमाने एक फार मोठी गोष्ट सांभाळली आहे. नेम कुणाचा, या प्रश्नाला तो ‘पात्राचा’ असे उत्तर देतो. नवशिका पोर पहिल्या दिवशी साध्या उंदरापुढेही चाचपडतो. वापराने विद्येचे गुण वाढत जातात आणि एके दिवशी त्याच हाताचा वार सहसा चुकत नाही. रियाज म्हणतात तो हाच. खेळणाऱ्याची बोटेच जर सारे करणार असतील, तर पात्राने शिकायचे काय?

आणि बोटांचाच प्रश्न निघाला म्हणून सांगतो. आमच्या उजव्या हाताला अलीकडे कंप असतो. चहाची बशी आम्ही दोन्ही हातांनी धरतो. क्षणार्धात बटणे दाबायला लावणाऱ्या खेळांच्या दारातूनच आम्हाला परतावे लागते. ‘मॉरोविंड’ मात्र आमच्या हाताची परीक्षा घेत नाही. वाट कोणती धरावी, दम कधी राखावा, कोणत्या लढाईला तूर्त नकार द्यावा, एवढेच तो विचारतो. आणि आयुष्यभर जमाखर्च लिहिलेल्या माणसाला ते येते.

वनपर्वातले नलाख्यान येथे आठवते. फाशांपायी राज्य गमावलेला नल बाहुक या नावाने ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला. विदर्भाच्या वाटेवर राजाने बेहड्याच्या झाडाची पाने-फळे नुसत्या नजरेने सांगितली. नलाने ती मोजून पाहिली आणि संख्या बरोबर निघाली. मग राजाने त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या दिली आणि बदल्यात नलाची अश्वविद्या मागितली. फाशांची विद्या म्हणजे मोजण्याची विद्या, हे आपल्या पूर्वजांनी केव्हाच ओळखले होते. एकाजवळ हात होता, दुसऱ्याजवळ गणित. आणि दोघांनाही दुसऱ्याचे हवेसे वाटले.

वाद अजून मिटलेला नाही. ‘ऑब्लिव्हियन’च सरस, असे पुतणा आजही म्हणतो. पण परवा मॉरोविंडमधल्या एका गुहेच्या तोंडाशी त्याने आपले पात्र थांबवले, दम भरू दिला आणि मगच आत पाऊल टाकले. आम्ही काही बोललो नाही. त्याच्या खेळात घोडा उधळला की आम्हीही लगाम मुकाट्याने त्याच्या हाती देतो. ऋतुपर्ण आणि बाहुक एकाच रथात बसले होते, एवढे आम्हा दोघांना मान्य आहे.