टोपीखालचं गुपित

मुलांनो, आज माझ्याच एका चुकीची गोष्ट सांगते.

खानदेशात उन्हाळ्यात पोरं टोपी घालतात, त्यात नवल नाही. पण पारोळ्याकडच्या आमच्या शाळेत एक मुलगा ऐन थंडीत, वर्गातसुद्धा टोपी काढेना. एकदा मागच्याने ती ओढली. डोक्याच्या उजव्या बाजूला केसच नव्हते! "टकल्या, टकल्या" असा गलका झाला. तो बाकावर डोकं टेकवून बसला, तो शाळा सुटेपर्यंत उठला नाही.

ते दिवस जानेवारी २०२५चे. बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस अचानक गळत असल्याच्या बातम्या पेपरात येत होत्या. मुलं घाबरली, त्याच्याजवळ बसेनात. आजी म्हणाली, "बाई, पोरले चाई लागनी." ती रोज कांदा चोळत होती. आईवडील कामासाठी सुरतेला. शेवटी आजीला घेऊन मीच त्याला धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात नेलं.

डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं. म्हणाले, "ही चाई नाही. चाईत गुळगुळीत, गोल चट्टा पडतो. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशीच चुकून केसांच्या मुळांवर हल्ला करतात. शेजारी बसल्याने चाईसुद्धा लागत नाही. इथे तर तुटलेले लहानमोठे खुंट दिसतात. बाळ, तू केस ओढतोस का रे?"

तो खाली बघत म्हणाला, "गणित चुकलं की हात आपोआप जातो."

मी चरकले. शिष्यवृत्तीच्या जादा तासाला रोजचे गुण मोठ्याने वाचून दाखवायची सवय माझीच!

डॉक्टरांनी समजावलं, मनावर ताण आला की काही मुलं नखं खातात, काही केस उपटतात. तो हट्ट नव्हे. रागावलं तर उलट वाढतं. मुळं शाबूत असली तर केस पुन्हा येतात, महिन्याला साधारण १ सेंटीमीटर. जमलं नाही, तर मनाच्या डॉक्टरांची मदत घ्यायची.

दुसऱ्या दिवसापासून गुण वाचणं बंद. वर्गाला सांगितलं, "हे कुणाला लागत नाही." त्याला मुठीत दाबायला एक रबरी चेंडू दिला. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत कोवळे केस उगवले. तरी परीक्षा आली, की त्याचा हात वर जायचा. मग तो माझ्याकडे बघायचा आणि खिशातला चेंडू काढायचा.

तुमच्यापैकी कुणाचा हात असा जात असेल, तर लपवू नका. घरी सांगा, नाहीतर तुमच्या बाईंना सांगा. आणि शेजारच्याची टोपी? ती त्याच्याच डोक्यावर राहू द्या.