गाड्या सोड, आकडे बघ

मोटार रेसिंगला खेळ म्हणायचीच माझी तयारी नव्हती. वीसेक गाड्या एकामागून एक गोल गोल फिरतात, दीड-दोन तासांनी पुढची पुढेच राहते, मागची मागेच. मग तिघं जण उंचावर चढून एकमेकांच्या अंगावर शॅम्पेन उडवतात. यात बघायचं काय, हा माझा सवाल विरार पश्चिमेच्या आमच्या नाक्यावर बऱ्याच जणांनी, बऱ्याच वेळा ऐकलेला आहे. हल्ली मी तो विचारत नाही. नाक्यावरच्या मंडळींना हे जरा खटकतं, म्हणून एकदा कारण लिहून टाकतो.

मी कबड्डीतला माणूस. खेळलो बेताचंच, गुडघ्याने लवकर दगा दिला. पण मैदान सुटेना, म्हणून गुणलेखनाच्या टेबलावर बसू लागलो. थंडी पडली की आमच्या या पट्ट्यात, विरार-आगाशीपासून पार वसईपर्यंत, मंडळांच्या स्पर्धा लागतात. रात्री उशिरापर्यंत सामने चालतात, आणि टेबलावरून चढाईपटूचा श्वाससुद्धा ऐकू येतो. तीस सेकंदांची चढाई, समोर सात जण, सगळा मामला हाताच्या अंतरावर. कोपरारक्षकाने घोटा धरला की धरला. कोण जिंकलं हे सांगायला कॉम्प्युटर लागत नाही. असा खेळ बघून वाढलेल्या माणसाला हेल्मेटमधला, चेहरा न दिसणारा, गाडीत अर्धा आडवा पडलेला खेळाडू कसा रुचावा?

शिवाय माझ्याकडे पुरावे होते. 19 जून 2005 ला इंडियानापोलिसच्या शर्यतीत आपला नारायण कार्तिकेयन चौथा आला. फॉर्म्युला वनमधला पहिला भारतीय, आणि पहिल्याच वर्षी चौथा! अभिमान वाटला. मग सविस्तर बातमी वाचली तेव्हा कळलं की मिशेलिनचे टायर त्या ट्रॅकवर टिकणार नाहीत म्हणून चौदा गाड्या सुरुवातीच्या फेरीनंतर सरळ आत निघून गेल्या, आणि शर्यतीत उरल्या सहा. सहांत चौथा! त्यानंतर 2009 साली तर खुद्द केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने फॉर्म्युला वनला खेळ मानायला नकार दिला. ही करमणूक आहे, धंदा आहे, असा एकूण सूर होता. सरकारचं आणि माझं इतकं एकमत त्याआधी कधी झालं नव्हतं आणि पुढेही झालं नाही. 2011 मध्ये ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किटवर शर्यत झाली, सरावाच्या वेळी ट्रॅकवर कुत्रा शिरला. मला तेवढंच लक्षात राहिलं. तिथे तीन वर्षं शर्यत झाली, तिन्ही वेळा सेबॅस्टियन व्हेटेलच जिंकला आणि 2013 नंतर सगळं आटोपलं. नाक्यावर मी म्हटलं, बघा, निकाल आधीच ठाऊक असलेला खेळ किती दिवस चालणार!

मत बदलायला सुरुवात झाली ती मे 2021 मध्ये. राज्यात निर्बंध होते, लोकल अत्यावश्यक सेवेतल्या लोकांपुरती, मैदानं बंद. बहिणीचा मुलगा आमच्याकडे अडकला होता आणि टीव्हीचा रिमोट त्याच्या ताब्यात होता. 9 मे, रविवार, संध्याकाळी साडेसहा. स्पेनमधल्या बार्सिलोनाची शर्यत. सुरुवातीलाच मॅक्स व्हर्स्टॅपेनने लुईस हॅमिल्टनला मागे टाकलं, आणि मग नेहमीचंच सुरू झालं: पुढे एक, मागे एक. मी पेपर उघडला.

बेचाळिसाव्या फेरीला हॅमिल्टन टायर बदलायला आत गेला. दुसऱ्यांदा. परत आला तो बावीस-तेवीस सेकंद मागे. मी म्हटलं, संपलं, आता चॅनल बदल. तर भाचा उठून बसला. "मामा, आत्ता सुरू झालंय. गाड्या सोड, आकडे बघ."

पडद्याच्या डाव्या कडेला एक उभी पट्टी असते. त्यात गाड्यांचा क्रम आणि नावापुढे एक आकडा, पुढच्यापासून किती सेकंद मागे. एवढ्या वर्षांत ती पट्टी मी जाहिरातीसारखी नजरेआड केली होती. आता तिच्याकडे बघू लागलो. फेऱ्या उरल्या होत्या चोवीस. म्हणजे दर फेरीला साधारण एक सेकंद कापला पाहिजे. हॅमिल्टन त्याहून जास्त कापत होता. व्हर्स्टॅपेनचे टायर झिजत चालले होते आणि तो आत येऊ शकत नव्हता, कारण आत आला तर पहिला नंबर जागच्या जागी गेला. राहिला तरी जाणार, पण केव्हा? एका फेरीत आकडा भराभर उतरायचा, पुढच्या फेरीत मधल्या एखाद्या गाडीमुळे तिथेच रेंगाळायचा. स्वतःच्याच संघातला बोटास मध्ये आला आणि त्यानेही काही लगेच वाट दिली नाही. मी पेपरच्या कडेला पेनाने भागाकार मांडायला लागलो होतो. गुणलेखकाची सवय, दुसरं काय.

साठाव्या फेरीच्या तोंडाशी हॅमिल्टन पुढे गेला. तो क्षण इतका सरळ होता की ज्याने फक्त तेवढाच पाहिला असेल त्याला काहीच वाटलं नसतं. सगळा खेळ त्याआधीच्या सतरा-अठरा फेऱ्यांत झाला होता, आणि त्यात दोन्ही गाड्या बराच वेळ एका चित्रात नव्हत्यासुद्धा.

ज्याला हे टायरचं प्रकरण अजून समजत नाही त्याला विरारकराने सांगायला हरकत नाही. नालासोपाऱ्याची मंडळी सकाळी काय करतात? चर्चगेटला जायचं असतं, पण आधी विरारकडे येणारी गाडी पकडून उलटी येतात आणि बसून परत जातात. दहा-पंधरा मिनिटं घालवायची आणि तासाभराची बसायची जागा कमवायची. टायर बदलायला आत, म्हणजे पिटमध्ये जाणं हे तेच. वीसेक सेकंद आधी मोजून द्यायचे आणि पुढे वसूल होतील यावर पैज लावायची. वसूल झाले तर हुशार, नाही झाले तर मूर्ख. (आम्ही विरारकर त्या उलट्या येणाऱ्यांशी भांडतो, ती गोष्ट वेगळी.)

भाच्याने मग जुन्या शर्यती दाखवायचा सपाटा लावला. त्यातली 1998 ची हंगेरीची मला फार आवडली. मायकेल शूमाकर मागे अडकलेला, आणि फेरारीचा रॉस ब्रॉन बेत बदलून दोनाऐवजी तीनदा टायर बदलायचं ठरवतो. रेडिओवर त्याला सांगतो की एकोणीस फेऱ्यांत पंचवीस सेकंद कमव. मोकळ्या रस्त्यावर, कुणाच्या अंगाला न भिडता, एकट्याने. आणि तो कमावतो, जिंकतो! ज्याला मी 'एकटाच तर फिरतोय' म्हणत आलो, तो एकटा फिरणारा माणूसच त्या दिवशी सामना खेळत होता.

पण आकड्यांवर मान डोलावणं वेगळं आणि त्याला अंगमेहनतीचा खेळ मानणं वेगळं. तो भाग कोल्हापूरला सुटला. स्पर्धेच्या कामासाठी तिकडे गेलो होतो, भाचा सोबत होता, आणि कोल्हापूरजवळ मोहिते रेसिंग अकादमीचा गो-कार्टचा ट्रॅक आहे हे त्याला माझ्याआधी ठाऊक होतं. कार्ट म्हणजे जमिनीपासून बोटभर उंचीवरचा लोखंडी सांगाडा. स्प्रिंग नाही, शॉक अॅब्सॉर्बर नाही. प्रत्येक खड्डा थेट बरगडीला. बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा सराव संपवून उतरला. हातमोजे काढले तर तळव्याला फोड, मनगटं थरथरतायत. पाण्याच्या बाटलीचं झाकण त्याला फिरवता येईना. दातात धरून उघडायला गेला, तेव्हा त्याच्या बापाने पुढे होऊन उघडून दिलं. मान एका बाजूला झुकलेली. मी विचारलं, दुखते का? म्हणाला, "काका, पहिल्या पाच मिनिटांनंतर कळत नाही." मोठ्या गाडीत ब्रेक लागला की डोकं पाचपट जड होतं, सिंगापूरच्या उकाड्यात चालकाचं दोन-तीन किलो वजन घामावाटे जातं, हे सगळं वाचलं होतं. त्या झाकणाने मात्र पटलं.

याच कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेला. मुंबईचा जेहान दारूवाला डिसेंबर 2020 मध्ये बहारीनला फॉर्म्युला टूची शर्यत जिंकला, पुण्याच्या डायना पंडोलेने 2024 मध्ये राष्ट्रीय कार रेसिंगमध्ये सलून गटाचं विजेतेपद मिळवलं. ही नावं आमच्या नाक्यावर कुणाला माहीत नसतात. मलाही नव्हती.

आणि कंटाळ्याचंच म्हणाल तर कबड्डीचा दाखला देतो, घरचाच आहे. आघाडीवरच्या संघाने रिकाम्या चढायांवर वेळ काढायचा, निदान रेषा ओलांडून परत फिरायचं, बोनससुद्धा घ्यायचा नाही. असे सामने मी ढिगाने लिहून घेतलेत. गुणपत्रिकेवर रांगेने नुसत्या रिकाम्या खुणा. प्रेक्षक शिव्या घालायचे आणि आम्ही कबड्डीवाले 'यात डोकं आहे' असं समर्थन करायचो. शेवटी दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण घ्या नाहीतर बाद व्हा, हा नियम प्रो कबड्डीत आला आणि खेळाला पुन्हा धार आली. क्रिकेटने वीस षटकांचा उतारा काढला. फॉर्म्युला वनने 2011 मध्ये मागच्या गाडीला पंखाची झडप उघडून वेग वाढवायची मुभा दिली. म्हणजे रोग सगळ्यांनाच आहे. माझ्या खेळातला रोग मला डावपेच वाटायचा आणि दुसऱ्याच्या खेळातला डावपेच रोग.

तरी मी पूर्ण बाटलेलो नाही. 26 मे 2024 ची मोनाकोची शर्यत घ्या. पहिल्याच फेरीत अपघात, शर्यत थांबली, त्या मोकळ्या वेळात पुढच्या सगळ्यांनी टायर बदलून घेतले. पुढे कुणाला आत जायची गरजच उरली नाही. अरुंद गल्ल्या, ओव्हरटेकला जागा नाही. पहिले दहा ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने पोचले, आणि फॉर्म्युला वनच्या इतिहासात असं पहिल्यांदाच झालं. शार्ल लक्लेर आपल्या गावी जिंकला, त्याला भरून आलं, ते ठीक आहे. पण आकड्यांची पट्टी बघूनही त्यात काही नव्हतं. गाड्या मुद्दाम हळू चालवल्यामुळे आकडे जागच्या जागी गोठलेले. 2021 ची बेल्जियमची शर्यत तर पावसात सेफ्टी कारच्या मागे दोन-तीन फेऱ्या मारून संपवली आणि अर्धे गुण वाटले. आमच्याकडे असा सामना कुणी निकाली काढला असता तर टेबल उलटं झालं असतं! 2023 मध्ये बावीसपैकी एकवीस शर्यती एकाच संघाने जिंकल्या. तिथे कंटाळा येणाऱ्याला मी दोष देणार नाही.

माझी खरी तक्रार आता वेगळीच आहे, आणि तिचा थरार असण्या-नसण्याशी संबंध नाही. पृथ्वी शॉ विरारचा. किटबॅग घेऊन बापाबरोबर लोकलने बांद्र्याला जायचा. 2013 मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात 546 धावा केल्या आणि पुढे भारताकडून खेळला. त्या वाटेला लोकलचा पास तरी पुरतो. कबड्डीला तेरा मीटर बाय दहा मीटर जागा आणि चुन्याची फक्की. फॉर्म्युला वनमध्ये 2021 साली संघांच्या खर्चाला आवर घालायचा म्हणून मर्यादा घातली, ती साडेचौदा कोटी डॉलर. म्हणजे आवर घातल्यावर हजार कोटी रुपयांच्या वर. कोल्हापूरच्या त्या पोराच्या बापाशी बोललो तेव्हा तो खर्चाचा आकडा सांगायला तयार नव्हता, नुसता हसला. विरारचं पोर तिथे कसं पोचणार, याला माझ्याकडे उत्तर नाही. भाच्याकडेही नाही.

मोनाकोचा कंटाळा घालवायला 2025 मध्ये नियम केला, प्रत्येकाने किमान दोनदा टायर बदलायचेच. संघांनी काय केलं? एका गाडीने मुद्दाम रेंगाळायचं, मागची सगळी रांग अडवायची आणि पुढच्या सोबत्याला पिटमध्ये जाऊन यायला मोकळी जागा करून द्यायची. आधी रेसिंग बुल्सने केलं, मग विल्यम्सने. त्यांच्या साइन्झने सोबत्यासाठी, अल्बनसाठी रांग अडवली, नंतर अल्बनने साइन्झसाठी. मागे अडकलेला जॉर्ज रसेल इतका वैतागला की वळण सरळ कापून अल्बनच्या पुढे गेला आणि जागा परत करायला तयार होईना. पंचांनी त्याला पिटमधून हळू जायची शिक्षा दिली. योग्यच! रेषेबाहेर पाय पडला की बाहेर, कितीही वैताग असो.

ती शर्यत बघता बघता भाचा सोफ्यावर आडवा झाला. "मामा, बोअर आहे रे आजची. जेवायला चल."

"तू वाढून घे," मी म्हटलं. "साइन्झचा एक पिट अजून बाकी आहे."