वैनगंगेकाठची हारजीत

चंद्रपूर-गडचिरोली ही नावे उच्चारताच आमच्याकडील बहुतेक सुशिक्षितांच्या डोळ्यांपुढे ताडोबाचा वाघ, कोळशाच्या खाणी आणि घनदाट अरण्य एवढेच उभे राहते. पूर्वीचा अवाढव्य चांदा जिल्हा १९८२ साली विभागला जाऊन गडचिरोली हा निराळा जिल्हा झाला. तेव्हापासून वैनगंगा या दोन जिल्ह्यांच्या मधून बऱ्याच अंतरापर्यंत सीमेसारखी वाहते. परंतु नदीच्या दोन्ही तीरांवरील मुलूख मनाने एकच आहे. भंडारा व गोंदिया जिल्ह्यांसह या प्रदेशास लोक झाडीपट्टी म्हणतात. येथे रान आहे तसे शेतही आहे. आणि शेत म्हणजे धान. गावोगावी तलाव, लहान बोड्या, बांध घातलेल्या बांध्या आणि हिवाळ्यात खळ्यावर रचलेली धानाची पुंजणी, असे हे सौम्य व घरगुती दृश्य आहे. वाघाच्या शोधात येणाऱ्या प्रवाशास ते सहसा दिसत नाही.

बल्लारशाहून गोंदियाकडे जाणाऱ्या गाडीत चांदा फोर्टला बसावे. मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी ही स्थानके मागे टाकीत गाडी वैनगंगा ओलांडते आणि वडशास, म्हणजेच देसाईगंजास, येते. पौष-माघाच्या सुमारास हा प्रवास केला तर डब्यातील संभाषणात एक शब्द पुन्हा पुन्हा कानी पडतो, ‘पट’. कोणत्या गावी पट आहे, कोणाची जोडी उतरणार, गेल्या खेपेस कोणाची नाचक्की झाली, याची चर्चा इतक्या तन्मयतेने चाललेली असते की, शेजारी बसलेल्या परक्यास आपण एखाद्या राज्याच्या वारसाहक्काची वाटाघाट ऐकत आहो असे वाटावे.

पट म्हणजे शंकरपट, अर्थात बैलजोड्यांची शर्यत. धानाची कापणी व मळणी आटोपली, हाती चार पैसे आले आणि बैलांस उसंत मिळाली म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या जमिनीवर धावेच्या दोन समांतर वाटा तयार करतात. हलक्या छकड्याला जोडी जुंपतात, धुरकरी वर चढतो, आणि दोन जोड्या एकदम सुटतात. पापणी लवते न लवते तोच सारे संपते! ज्या धावेसाठी वर्षभर पेंड-सरकी चारली, मालीश केले, दृष्ट काढली, ती धाव अशी हां हां म्हणता संपून जाते. हरणाऱ्यास हळूहळू हरण्याचीही सोय या खेळात नाही. पाच दिवसांच्या क्रिकेटमध्ये पराभव दुरून दिसू लागतो व मनाची तयारी होते. येथे तो अंगावर कोसळतो.

अशाच एका माघात आम्ही ब्रह्मपुरीच्या बाजूस एका गावी पट पाहावयास गेलो होतो. गावाचे नाव येथे मुद्दामच देत नाही. हरलेल्या गावाचे नाव छापून त्याचा पराभव कायमचा करून ठेवणे आम्हांस बरे वाटत नाही. पट त्याच गावाने भरविला होता. शेजारचे गाव तलावाच्या पलीकडे. दोन्ही गावांच्या बांध्यांस पाणी एकाच तलावाचे. आधी पाणी कोणाकडे सोडावे यावरून त्यांच्यात जुनी कुरबूर होती, आणि त्याच वेळी दर दोन-तीन घरांआड सोयरीकही होती. दूरदूरच्या गावांहून जोड्या आल्या होत्या. परंतु यजमानांचे लक्ष त्यांच्याकडे नव्हतेच. लांबून आलेल्या पाहुण्याने इनाम नेले तर त्यांस वाईट वाटले नसते. तलावापलीकडच्यांनी ते नेऊ नये, एवढीच त्या दिवसाची प्रार्थना होती.

देवाने ती ऐकली नाही. दुपार होईपर्यंत यजमानांच्या तीन जोड्या बाद झाल्या. उरलेल्या दोन्ही नेमक्या शेजारच्या गावाशी भिडल्या. पहिली पुष्कळ मागे राहिली आणि दुसरी तर अर्ध्यावरच वाट सोडून प्रेक्षकांच्या बाजूस वळली. तलावापलीकडच्या मंडळींनी गुलाल उधळला, डफडी वाजू लागली. यजमान गावाच्या बाजूस मात्र अशी शांतता पसरली की छकड्याच्या चाकाचा आवाज स्पष्ट ऐकू यावा.

त्यानंतरचे दोन तास शर्यतीपेक्षा अधिक पाहण्यासारखे होते. प्रथम कोणीच कोणाकडे पाहीना. मग कारणे निघू लागली. आपल्या वाटेवरची माती भुसभुशीत होती. निशाण उशिरा पडले. त्यांची जोडी मुळी त्यांच्या गावची नव्हेच, बाहेरून आणलेली. आपला डावा बैल परवापासून वैरण खात नव्हता. यांतील काही कारणे परस्परविरुद्ध होती, परंतु त्याची कोणास पर्वा नव्हती. पराभूताला कारण हवे असते ते पटण्यासाठी नव्हे, हातात धरावयास काहीतरी असावे म्हणून. तरुणांचा एक घोळका धुरकऱ्यास शोधीत होता. तो बिचारा केव्हाच कोठेतरी दिसेनासा झाला होता. दोघे-तिघे गुलाल उधळणाऱ्यांच्या रोखाने निघाले तेव्हा वडीलधाऱ्यांनी त्यांस दंडाला धरून मागे ओढले. जोडीचा मालक मात्र या कशातही नव्हता. त्याने बैल सोडले, त्यांच्या पाठीवरून हात फिरविला, पाणी दाखविले. आम्ही जवळ जाऊन चार शब्द बोलू लागलो तेव्हा तो खाली पाहूनच म्हणाला, “बैल नाई हारले जी. आमीच हारलो.”

परक्याकडून झालेला पराभव विसरता येतो, कारण परका निघून जातो. शेजारी जात नाही. तो उद्या बाजारात भेटतो, तलावावर भेटतो, लग्नाच्या पंगतीत समोर बसतो. म्हणूनच जगात सर्वत्र जवळच्यांमधील सामने सर्वांत तीव्र होतात. बैल असोत, घोडे असोत की फुटबॉल असो, गोष्ट तीच. कॉन्स्टँटिनोपल नगरीत रथांच्या शर्यतीत निळे व हिरवे असे दोन पक्ष होते. इ. स. ५३२ मध्ये त्या मैदानातून उसळलेल्या दंगलीत हजारो माणसे प्राणास मुकली. आपल्या देशात कलकत्त्यास मोहन बागान व ईस्ट बंगाल या फुटबॉल संघांचे वैर प्रसिद्ध आहे. ३० सप्टेंबर १९७५ रोजी आय. एफ. ए. शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानवर पाच गोल चढविले आणि स्वतःवर एकही होऊ दिला नाही. तो पराभव असह्य होऊन मोहन बागानच्या एका तरुण चाहत्याने आपला प्राण दिला. पुढे १६ ऑगस्ट १९८० रोजी याच दोन संघांच्या सामन्यात ईडन गार्डन्सवर प्रेक्षकांत हाणामारी व चेंगराचेंगरी होऊन सोळा जण मरण पावले. आपल्या कोल्हापुरातही शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम व बालगोपाल तालीम यांच्यासारखे संघ समोरासमोर आले म्हणजे पेठांपेठांचा अभिमान पणास लागतो, आणि सामना संपल्यावर पोलिसांस जागरण घडते.

हे सारे आठवून आम्ही त्या संध्याकाळी थोडे धास्तावलोच होतो. कारण येथे तर अडचण दुहेरी होती. हरलेले गाव हेच यजमान होते, आणि जिंकलेले गाव त्या रात्री त्यांच्याच घरी जेवणार होते! झाडीपट्टीचा हा रिवाजच आहे. पटाच्या दिवशी लेकी-जावई, व्याही-विहिणी, मामा-भाचे यांना आवर्जून बोलावणे जाते. घरोघर पाहुणे उतरतात, अंगणात मांडव पडतो, मोठ्या पातेल्यांत भात शिजतो. उपवर मुलामुलींच्या गोष्टी येथेच निघतात आणि कित्येक सोयरिकी येथेच जुळतात. दुपारी ज्याने गुलाल उधळला तो रात्री पाहुणा होऊन दाराशी येतो, आणि ज्याचे काळीज जळत असते त्यास ‘या, बसा’ म्हणून पाण्याचा तांब्या पुढे करावा लागतो.

आम्ही ज्या घरी उतरलो होतो तेथील धाकटी सून पलीकडच्या गावची होती. दुपारपासून ती चुलीपाशीच होती. बाहेर आलीच नाही. माहेर जिंकले याचा आनंद चेहऱ्यावर दिसू देणे शक्य नव्हते, आणि सासर हरले याचे दुःख दाखविले तर ते खोटे वाटले असते. दिवेलागणीस तिचा भाऊ आला. कपाळावरचा गुलाल त्याने तलावावरच धुऊन टाकला होता, परंतु कानाच्या पाळीमागे थोडा राहिला होता. घरातले पुरुष ‘रामराम’ म्हणून गप्प झाले. मग सासूबाई स्वयंपाकघराच्या दाराशी आल्या आणि सुनेस सर्वांच्या देखत म्हणाल्या, “तुह्या भावाले पयले वाढ वं.” एवढ्या एका वाक्याने ओसरीवरचा ताठा उतरला. थोड्या वेळाने थोरल्या मुलाने स्वतःच पाहुण्यास विचारले की, जोडीला चारा कोणता घालता. रात्रीचे जेवण त्या एका प्रश्नावर पार पडले.

जेवणानंतर नाटक. पट म्हटला की रात्री नाटक हे येथे ठरलेलेच. दंडारीसारख्या जुन्या लोकप्रकारांच्या सहवासात वाढलेली ही झाडीपट्टीची रंगभूमी आजही शहरी मदतीवाचून जिवंत आहे. वडसा हे तिचे माहेरघर. तेथे नाटकमंडळ्यांची बिऱ्हाडे आहेत, आणि दिवाळीपासून होळीपर्यंत त्यांचे खेळ गावोगावी होतात. या रंगभूमीवर आयुष्य वेचलेले गडचिरोली जिल्ह्यातील नट परशुराम खुणे यांस २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा शहरातील पुष्कळांनी तिचे नाव प्रथमच ऐकले. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि गाणी, विनोद, रडारड, तंटे व शेवटी न्याय असे सर्व होऊन उजाडता उजाडता खेळ संपतो.

त्या रात्री दोन्ही गावे एकाच मांडवात बसली होती. आरंभी मध्ये थोडी मोकळी जागा सुटली होती. थंडी वाढली तशी तीही भरली. एका घोंगडीखाली कोणत्या गावचे किती होते हे मध्यरात्रीनंतर सांगता आले नसते. नाटकात मुलांनी टाकून दिलेला म्हातारा बाप एकटा बसून गाऊ लागला तेव्हा आमच्या शेजारचा एक धिप्पाड शेतकरी ढसढसा रडला. दुपारी हाच मनुष्य ओठ घट्ट मिटून उभा असलेला आम्ही पाहिला होता. तो त्या म्हाताऱ्यासाठी रडत होता की वाट सोडून वळलेल्या जोडीसाठी, हे आम्ही विचारले नाही, आणि तेथे कोणीच विचारीत नाही. मैदानावर न आलेले अश्रू येथे बिनबोभाट वाहून जातात.

कलकत्त्याच्या त्या चाहत्याची आठवण आम्हांस या मांडवात पुन्हा झाली. मोठ्या शहरात सामना संपला की लक्षावधी माणसे आपापल्या खोलीत जातात, आणि पराभव प्रत्येकास एकट्यानेच भोगावा लागतो. येथे खेड्याने हार आणि जेवण, हार आणि नाटक यांची गाठ बांधून ठेवली आहे. शेजाऱ्याकडून झालेल्या पराभवाचे विष जवळिकीतून येते खरे. परंतु त्यावरचा उताराही तीच जवळीक देते, हे आम्हांस येथे कळले.

या व्यवस्थेस सर्वस्वी निर्मळ म्हणता येणार नाही. माणसांचा राग पुष्कळदा मुक्या जनावरांच्या पाठीवर उतरत असे. टोचणी, मार, शेपटी पिरगाळणे हे प्रकार शर्यतींत सर्रास होते, आणि त्यासाठीच सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बैलांच्या शर्यतींस बंदी केली. २०१७ साली महाराष्ट्राने कायदा केला, तरी प्रत्यक्ष परवानगी मिळाली ती १६ डिसेंबर २०२१ रोजी. आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा वैध ठरविला. आता अटी आहेत, बैलास मारझोड करण्यास मनाई आहे, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. अटी कितपत पाळल्या जातात हे पाहणे गावाच्याच हाती आहे. ‘आमीच हारलो’ असे म्हणणारा मालक ज्या गावी आहे तेथे बैलास फारसे भय नाही. बंदीच्या वर्षांतही झाडीपट्टीत नाटके बंद पडली नाहीत, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. धाव थांबली तरी एकत्र बसण्याची गरज थांबली नव्हती.

सकाळी धुके तलावावर पसरले होते. पाहुणे परतू लागले. सासूबाईंनी सुनेच्या भावाच्या हाती नव्या तांदळाची पिशवी दिली. तो निघताना थोरल्याने बांधापर्यंत सोबत केली, आणि परत येऊन आम्हांस मोठ्या गांभीर्याने सांगितले की, पलीकडच्या गावाचा पट होळीच्या आधी आहे, आणि तेथे आपली जोडी उतरावयाची आहे. डाव्या बैलास काय चारावे हे त्याला आता ठाऊक झाले होते.