पहिल्या वर्षाचा फराळ

बेथलेहेम हे पेनसिल्व्हेनियातलं, लीहाय नदीकाठचं गाव. मोरेव्हियन पंथाच्या लोकांनी १७४१ साली नाताळच्या आदल्या रात्री त्याला हे नाव दिलं आणि १९३७ पासून ते 'नाताळनगरी' म्हणून ओळखलं जातं. डोंगरावरची दिव्यांची चांदणी आणि खिडक्याखिडक्यांतल्या मेणबत्त्या बघायला लोक लांबून येतात. पण गावाचा खरा डिसेंबर नदीच्या दक्षिणेला, स्वयंपाकघरांत असतो. पोलादाच्या कारखान्यात कामाला आलेली हंगेरियन, स्लोव्हाक, स्लोव्हेनियन कुटुंबं तिथे वसली. त्यांनी चर्चं बांधली, आणि येताना किफली आणली.

किफली म्हणजे अक्रोडाचं सारण भरून चंद्रकोरीसारखी वाकवलेली खुसखुशीत बिस्किटं. कारखान्याच्या भट्ट्या १९९५ साली विझल्या, २००१ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. गोल्डन गेट पुलासाठी पोलाद पुरवणाऱ्या या कारखान्याच्या झोतभट्ट्या आता नुसत्या उभ्या आहेत. किफली मात्र अजून होतात. चर्चच्या तळघरात बायका जमतात, लांब टेबलांवर पोळ्या लाटल्या जातात, डझनाच्या हिशेबाने मागण्या पुऱ्या केल्या जातात.

माझ्या शेजारच्या बाई अशा तळघरांत उभं आयुष्य लाटत आलेल्या. हंगेरियन लोक वडीलधाऱ्या बाईला नेनी म्हणतात, मीही त्यांना नेनीच म्हणायचे. १९५६ च्या नोव्हेंबरात बुडापेस्टमध्ये रशियन रणगाडे परत शिरले, तेव्हा देश सोडून गेलेल्या सुमारे दोन लाख माणसांत त्या होत्या. तेव्हा त्या जेमतेम विशीच्या. रात्री चालत ऑस्ट्रियाची हद्द गाठली, तिथून न्यू जर्सीतली कॅम्प किल्मरची छावणी, तिथून बेथलेहेम. लग्न झालं ते भट्टीवर काम करणाऱ्या माणसाशी. आई मागे राहिली ती राहिलीच. ती गेल्याचं पत्र पोचलं तेव्हा तिकडे सगळं आटोपलं होतं.

दर दिवाळीला मी कुंपणावरून त्यांच्याकडे फराळाचं ताट द्यायची. चकली त्यांना तिखट लागायची, पण करंजी त्या हातात घेऊन उलटसुलट बघत. कातणाने कापलेल्या कडेवरून बोट फिरवत आणि विचारत, "कड कशाने कापलीस?" एका वर्षी मी आईने दिलेलं पितळी कातण आणून दाखवलं. त्यांनी आपल्या खणातून लाकडी मुठीचं तसंच फिरतं चाक काढलं. मूठ अंगठ्यापाशी झिजून खोलगट झाली होती. त्या डिसेंबरात त्यांनी मला त्यांच्या ओट्याशी उभं केलं.

पीठ आदल्या रात्री मळायचं. बटर आणि क्रीम चीज सारख्या वजनाचं, त्यात मैदा आणि अंड्यांचे बलक. पिठात साखर घालायची नाही. क्रीम चीज हे अमेरिकेतलं. आईच्या घरी आंबट साय असायची, असं त्या सांगत. बलक पिठात गेले की मागे उरलेलं पांढरं फेटून अक्रोडाच्या सारणात घालायचं, म्हणजे काही वाया जात नाही. अक्रोड मिक्सरमध्ये दळायला त्यांची सक्त मनाई. पात्यांच्या वेगाने तेल सुटतं आणि सारण चिकट, जड होतं. त्यांच्याकडे टेबलाच्या कडेला आवळून बसवायचं हाताचं यंत्र होतं. दांडा फिरवला की अक्रोडाचा हलका, मोकळा कीस खाली पडायचा. त्यात साखर, किंचित लिंबाची साल.

रात्रभर गारठलेलं पीठ थोडं थोडंच बाहेर काढायचं, कारण हाताची ऊब लागली की बटर पाघळतं. कागदाइतकं पातळ लाटायचं, चौकोन कापायचे, एका कोपऱ्यावर सारणाची बारीक वळी ठेवायची आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत गुंडाळत न्यायचं. टोक खालच्या बाजूला दबलं पाहिजे, नाहीतर ओव्हनमध्ये गुंडाळी उलगडते. मग दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवायचं. ३७५ अंश फॅरनहाइटवर बारा-पंधरा मिनिटं. रंग सगळीकडे चढता कामा नये, नुसती टोकं सोनेरी व्हावीत. कितीही जपलं तरी थोडं सारण टोकाशी बाहेर येतं आणि ट्रेवर करपट-गोड जाळी धरतं. ती जाळी खरवडून मुलांच्या हातावर ठेवायची असा त्यांच्या घरचा नेम होता. आमच्या घरी खुळखुळा झालेल्या करंज्या मुलांच्या वाट्याला येत.

मग एका वर्षी ऐन भाद्रपदात माझी आई गेली. विमानं बदलत मी वाईला पोचले तेव्हा अस्थी कळशीत होत्या. दिवसकार्य करून परत आले आणि महिन्याभरात दिवाळी आली. त्या वर्षी आकाशकंदील लावला नाही, कढई काढली नाही. चार दिवस गेले तरी कुंपणावरून ताट आलं नाही म्हणून नेनी स्वतः आल्या. मी त्यांना आमची रीत सांगितली: घरात माणूस गेलं की पहिल्या सणाला त्या घरी तळण करत नाहीत.

त्यांनी लगेच विचारलं, "मग मुलांनी काय खायचं?"

"शेजारपाजारचे, नातेवाईक आणून देतात. घरात करायचं नसतं, पण घर फराळावाचून ठेवायचंही नसतं."

"इथे तुझे शेजारी कोण?"

मी काही बोलले नाही. त्याही आणखी काही न बोलता निघून गेल्या. दोन दिवसांनी आल्या त्या पत्र्याचा मोठा डबा घेऊन. नाताळला अजून दीड महिना होता. त्यांच्या घरी डिसेंबराआधी किफली कधी होत नसत, आणि संधिवाताने त्यांची बोटं तोवर वाकडी झाली होती. डबा टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "माझी आई गेली तेव्हा मी या गावात नवी होते. कोणाला सांगावं तेही कळलं नव्हतं. तू बस. आज तू काही करायचं नाहीस."

मी बसले. आई गेल्यापासून तिकीट, बँक, कागदपत्रं यांतच मी उभी होते. त्या दुपारी पहिल्यांदा रडले, आणि नेनी समोर बसून राहिल्या. आमची रीत माझ्या लहानपणापासून माझ्या ओळखीची होती, पण तिच्यातलं शहाणपण मला त्या दिवशी उमगलं. ती दुःखी माणसाचे हात मोकळे करते आणि त्या हातांचं काम दुसऱ्या हातांवर सोपवते. सण चुकत नाही, तो शेजारच्या घरातून येतो.

नेनी गेल्या तेव्हा वसंत होता. मुलं दूरच्या राज्यांत स्थायिक झालेली. डिसेंबरात घर आवरायला लेक आली आणि खोक्यांच्या गराड्यात एकटीच राहिली. मी आदल्या रात्री पीठ मळलं. अक्रोड हाताच्या यंत्रावर किसले; ते यंत्र नेनींनी आधीच मला देऊन टाकलं होतं. चौकोन आईच्या कातणाने कापले, त्यामुळे या किफलींच्या कडा नेनींच्यापेक्षा जरा बारीक नागमोडी आल्या. डबा घेऊन गेले. लेकीने उभ्याउभ्याच एक उचलली, आधी टोकाची करपलेली जाळी तोडून तोंडात टाकली आणि खोक्यावर बसली. बराच वेळ तिने काही विचारलं नाही. मग म्हणाली, "मी कधी शिकलेच नाही. वाटायचं, ती आहे ना." मी म्हटलं, "तू बस. आज तू काही करायचं नाहीस."

वारसा रक्ताने येतो असं आपण धरून चालतो. मला नेनींचा वारसा कुंपणावरून मिळाला आणि माझ्या आईची रीत त्यांनी माझ्यासाठी पाळली, तीही तिला कधी न पाहता. म्हणून हल्ली माझ्या मुलीला मी दोन्ही शिकवते. करंजीला मोहन किती घालायचं ते, आणि किफलीचं टोक खाली कसं दाबायचं तेही. आपल्या घरी सण असेल तेव्हा तिला ते यावंच. पण त्याहून मोठं कारण मी तिला सांगून ठेवलं आहे: या गल्लीतल्या कुठल्या ना कुठल्या घरी एखाद्या वर्षी काही शिजणार नाही, आणि त्या वर्षी डबा घेऊन जाणारं कोणीतरी असायला हवं.