वरव्याच्या अंगणातील मोटार

पुण्याहून सातारा रस्त्याने निघावे, कात्रज ओलांडून खेड-शिवापूर मागे टाकावे, म्हणजे नसरापूरच्या अलीकडे वरवे बुद्रुक लागते. हा भोर तालुका; 1948 साली विलीन होईपर्यंत भोर हे पंतसचिवांचे संस्थान होते. आज गावाला लागूनच हमरस्त्याचा अखंड घोष चालू असतो. परंतु चार पावले आत गेले की भाताची खाचरे, आंब्याची सावली आणि शेणाने सारवलेली अंगणे अद्यापि भेटतात. उत्तरेस कात्रज व दक्षिणेस खंबाटकी, अशा दोन घाटांच्या मध्ये हे गाव असल्यामुळे येथल्या मोटारीस कोणत्याही दिशेने गेले तरी परीक्षा चुकत नाही.

आमच्या थोरल्या बंधूंचे, म्हणजे अण्णांचे, बिऱ्हाड येथे आहे. घरात लहानमोठी अकरा माणसे आणि मोटार एकच. ती 2011 सालची, डिझेलवर चालणारी, 1248 घनसेंटिमीटरची व 75 अश्वशक्तीची आहे. या मूळच्या इटालियन घडणीच्या इंजिनाचे उत्पादन आमच्याच जिल्ह्यात रांजणगावीही होत असे. वहिनींना दर पंधरवड्यास पुण्यास डॉक्टरांकडे न्यावे लागते. म्हणून ही मोटार त्या घरची चैन नव्हे, गरज आहे. गेल्या दिवाळीत खंबाटकीच्या चढणीवर ती दमली, मागे काळ्या धुराचा लोट उठला आणि वहिनींना अर्धा तास रस्त्याच्या कडेस बसून राहावे लागले. तो प्रसंग अण्णांच्या मनातून गेला नाही.

त्यावर उपाय घेऊन आला तो आमचा पुतण्या. तो अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षास आहे. या गाड्यांच्या इंजिनास एक लहानसा संगणक असतो. कोणत्या वेगास किती डिझेल सोडावे, किती दाबाने सोडावे, टर्बोने हवा किती कोंबावी, याची कोष्टके त्यात भरलेली असतात. तारेने तो आपल्या संगणकास जोडून ती कोष्टके वाचता येतात व बदलताही येतात. डिझेल थोडे वाढविले की गाडी घाट हसत चढेल, असे त्याचे म्हणणे.

अण्णांची सारी नोकरी खडकीस ऑइल इंजिनांच्या कारखान्यात झालेली. ते म्हणाले, "बाळ, डिझेल वाढविणे सोपे, त्याला पुरेल इतकी हवा आहे का, हे आधी दाखव. हवेवाचून जादा डिझेल म्हणजे धूर आणि उष्णता. ती उष्णता दट्ट्या सोसतो, टर्बो सोसतो, आणि शेवटी आपला खिसा सोसतो." मग त्यांनी तीन अटी घातल्या. मूळ कोष्टकांची प्रत काढून दोन ठिकाणी ठेवावी. गाडीचा निरोगीपणा सिद्ध झाल्यावाचून एक आकडाही बदलू नये. आणि बदल केलाच तर एका वेळी एकच, तोही अल्प.

पहिल्या अटीनेच आम्हां सर्वांस शहाणे केले. बॅटरीचा दाब उतरू नये म्हणून पुतण्याने तिला घरच्या विजेवर चार्जर लावला आणि प्रत वाचावयास घेतली. निम्मे काम झाले नाही तोच गावची वीज गेली, दाब घसरला आणि वाचन तुटले. वाचन तुटल्याने बिघडले काही नाही; पुन्हा करता आले. परंतु त्या घटकेस लेखन चालू असते, तर अर्धवट लिहिलेला संगणक मुका होऊन मोटार अंगणातच बसली असती, आणि वहिनींची पुण्याची तारीख तर परवाचीच होती! पुतण्याचा चेहरा उतरला. अण्णा मात्र एक शब्दही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे कात्रजच्या चढणीवर निरोगीपणाची परीक्षा झाली. मोटार अण्णांनी चालविली. पुतण्या शेजारी बसून आकडे टिपून घेत होता. टर्बोकडे संगणकाची मागणी होती 2 बारची, प्रत्यक्षात मिळत होते 1.7. इशाऱ्याचा दिवा लागण्याइतका हा फरक मोठा नव्हता. घरी येऊन शोध घेता, टर्बोची हवा थंड करून इंजिनाकडे नेणारी रबरी नळी पट्ट्याखाली चिरलेली आढळली. हवा मोजली जाते टर्बोच्या आधी आणि गळत होती टर्बोच्या नंतर. म्हणून संगणक मोजलेल्या हवेच्या हिशेबाने डिझेल सोडी, आणि प्रत्यक्षात हवा अपुरी पडे. काळ्या धुराचे मूळ हेच. यावर आणखी डिझेल वाढविले असते, तर आजाऱ्यास पथ्याऐवजी पक्वान्न वाढल्यासारखे झाले असते.

नवी नळी बसली, हवेची गाळणी बदलली. धुराच्या तपासणीत, 2010पासून पुण्यास लागू झालेल्या भारत-4 मानाच्या गाड्यांस 1.62 ही मर्यादा असते. तिच्या काठाशी असलेला आमचा आकडा बराच खाली आला. पंधरा वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, ती मुदतही आता भरत आली आहे. शिवाय 1988च्या मोटार वाहन कायद्याचे 52वे कलम, उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा फेरफार करू देत नाही, हे पुतण्याने आपण होऊन वाचून दाखविले.

परवा वहिनींसह पाच माणसे घेऊन आम्ही खंबाटकी चढलो. मोटार कोठे अडली नाही. कोष्टकांत एकही आकडा बदललेला नव्हता. माथ्यावर वहिनी म्हणाल्या, "मुलाने गाडी छान केली हो!" पुतण्या काही सांगू पाहत होता, परंतु अण्णांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "खरेच छान केली." मूळ प्रत अण्णांच्या कपाटात, सातबाऱ्याच्या उताऱ्यांशेजारी, जपून ठेवलेली आहे.