आमची होडी पाण्यात उतरते

आमच्या घरात ‘होडी’ हा शब्द पन्नास वर्षे कुणी मोठ्याने उच्चारला नव्हता. त्याला कारण होते. मालवणच्या किनाऱ्यावर माझ्या वडिलांची, म्हणजे आबांची, रापणीच्या होडीत भागी होती. होडी पाण्यात लोटायची किंवा वाळूवर ओढायची म्हणजे दहा-बारा माणसे लागत. खाली आडवे ओंडके टाकायचे, त्यांना तेल फासायचे, आणि एकाने साद घातली की साऱ्यांनी एकदम खांदा लावायचा. होडी पुढे सरकली की मागे मोकळा झालेला ओंडका उचलून धावत पुढे नेऊन टाकायचा. एके वर्षी पावसाळ्याआधी होडी वर घेताना असाच एक ओंडका निसटला आणि आबांचे पाऊल खाली सापडले. पाय वाचला, पण चाल गेली. आबांनी भागी विकली, मला मुंबईला मामाकडे धाडले आणि मी कारकून झालो. पुढे जन्मभर फक्त फायली ओढल्या.

त्यामुळे आमच्या चिरंजीवांनी अमेरिकेतून फोनवर सांगितले, “बाबा, मी होडी घेतली,” तेव्हा मी थोडा वेळ गप्पच राहिलो. सौ.ने विचारले, “काय झालं?” मी म्हटले, “काही नाही. आबांची आठवण झाली.”

चिरंजीव मिनेसोटा राज्यात असतात. तिथे मोटारींच्या नंबराच्या पाटीवर ‘दहा हजार सरोवरे’ असे छापलेले असते. ही बढाई नव्हे, उलट विनयच म्हणायचा. दहा एकर आणि त्याहून मोठी सरोवरे मोजली तरी आकडा ११,८४२ भरतो! अशा मुलखात उन्हाळ्यात आम्ही दोघे जाऊन पोचलो. होडी सोळा फुटी, ॲल्युमिनियमची, दुसऱ्याने वापरलेली. ती दोन चाकांच्या ट्रेलरवर बसवून मोटारीमागे जोडायची, सरोवराशी न्यायची, पाण्यात उतरत गेलेल्या काँक्रीटच्या उतारावरून ट्रेलर उलटा खाली न्यायचा आणि होडी पाण्यात सोडायची. दहा-बारा माणसे नकोत, ओंडके नकोत. मी मनात म्हटले, आबा, पाहा!

आबांनी पाहिले नाही ते बरेच झाले.

पहिल्या रविवारी मिनेटोंका सरोवरावर आमची जी शोभा झाली ती काय सांगावी! चिरंजीव मोटार डावीकडे वळवीत, तर ट्रेलर उजवीकडे जाई. सूनबाई मागे उभ्या राहून “लेफ्ट, लेफ्ट” म्हणत होत्या. पण कुणाचे लेफ्ट, मोटारीचे, ट्रेलरचे की सूनबाईंचे, हा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही. आमच्या मागे पाच गाड्या खोळंबल्या. कुणी भोंगा वाजवला नाही. तिथली माणसे सभ्य, आणि ती सभ्यताच जास्त लागते. शेवटी होडी एकदाची पाण्यात गेली आणि पाच मिनिटांत आत घोटाभर पाणी झाले. बूच लावायचे राहिले होते!

त्या बुचाचीही एक गंमत आहे. तिथला कायदा असा, की सरोवरावरून निघताना होडीचे बूच काढून आतले पाणी सोडून द्यायचे, आणि बूच न लावताच ती रस्त्यावरून न्यायची. काळ्या समुद्राच्या नि कॅस्पियनच्या बाजूचे झेब्रा नावाचे पट्टेरी शिंपले जहाजांतल्या पाण्याबरोबर अमेरिकेत आले. ते १९८८ मध्ये तिकडच्या महासरोवरांच्या टापूत दिसले आणि २०१० मध्ये मिनेटोंकात. होडीत राहिलेल्या पाण्यातून त्यांची पिल्ले दुसऱ्या सरोवरात जाऊ नयेत म्हणून हा बंदोबस्त. कायदा चांगलाच; पण काढलेले बूच परत लावायची आठवण कोण देणार?

घरी परतताना मोटारीत कुणी बोलेना. रात्री चिरंजीव म्हणाले, “विकून टाकतो.” सूनबाई म्हणाल्या, “उद्याच विका.”

मला झोप लागली नाही. आमच्या घराण्यात होडी एकदा विकली गेली होती. तेव्हा काही बोलायचे माझे वय नव्हते. आता होते. सकाळी मी म्हटले, “एक महिना थांब. तोवर मला शिकव, म्हणजे तूही शिकशील.”

मग दर रविवारी पहाटे आम्ही एका दुकानाच्या रिकाम्या वाहनतळावर जाऊ लागलो. दोन बादल्या ठेवायच्या आणि त्यांच्यामधून ट्रेलर मागे न्यायचा. एक युक्ती सापडली. स्टिअरिंगचे चाक वरून न धरता अगदी खालून धरायचे. मग हात ज्या बाजूला जाईल त्याच बाजूला ट्रेलरही जातो. जरा वाकडा झाला की हट्ट करायचा नाही; पुढे जाऊन सरळ करायचा आणि पुन्हा मागे यायचे. सूनबाईंनी डावे-उजवे सोडून हाताच्या तीन खुणा ठरवल्या. ये, थांब, आणि पुढे जाऊन पुन्हा ये. रिकामा ट्रेलर पाण्यात बुडाला की दिसेनासा होतो, म्हणून त्याच्या मागच्या दोन टोकांना पांढरे नळ उभे केले. परतताना होडी त्या दोहोंच्या मधूनच आत यायची. आणि बूच? ते होडीच्या किल्लीला बांधून टाकले. किल्ली हातात घेतली की बूच आठवणारच!

मुख्य म्हणजे, उताराकडे जाण्याआधीच बाजूला थांबून सगळी तयारी करायची. पट्टे सोडायचे, सामान चढवायचे, बूच लावायचे, नाळेला दोर बांधायचा. पुढचा विंचचा आकडा मात्र पाण्यात गेल्यावरच काढायचा, नाहीतर होडी काँक्रीटवरच घसरायची.

होडी परत चढवताना चिरंजीवांना वाटे, ट्रेलर खोल नेला की काम सोपे. पण तसे केले की होडी ट्रेलरच्या फळ्यांवर टेकतच नाही, वरच तरंगते, आणि बाहेर काढताना तिरकी बसते. तेव्हा मला आबांचे शब्द आठवले. भरतीची वाट बघत ते म्हणायचे, “पाणी उचलता तेवढां तेका उचलूक दी. उरललां मगे आपण बघूया.” ट्रेलर थोडा वर घेतला. निम्मे काम पाण्याने केले, निम्मे विंचने. होडी सुतासारखी सरळ बसली.

नारळी पौर्णिमा त्या वर्षी ऑगस्टात आली. तिथे सरोवरात पाणवनस्पतीचे पानसुद्धा नेऊ देत नाहीत, तिथे नारळ कोण सोडू देणार? म्हणून सौ.ने घराच्या दारातच ट्रेलरच्या चाकापुढे नारळ फोडला आणि खोबरे सर्वांना वाटले. मग आम्ही मिनेटोंकावर गेलो. बाजूला तयारी, उतारावर तीन खुणा, आणि पाच मिनिटांत होडी पाण्यात.

मला एकच काम दिले होते, दोर धरायचे. चिरंजीव मोटार लावून आले, होडीत चढले आणि म्हणाले, “बाबा, सोडा आता. या तुम्हीपण.”

मी दोर सोडला नाही. हातात तसाच धरून होडीत चढलो.